साडेअठरा हजारात बारा पिढ्या! वंशावळ काढून देणाऱ्या सर्व्हिसचा अनुभव (पाचपैकी दोन स्टार)

आधीच सांगून टाकतो, कंपनीचं नाव लिहिणार नाही. थोडे पैसे परत मिळालेत, भांडण मिटलंय, परत उकरून काढायचं नाहीये. पण अशा जाहिराती हल्ली व्हॉट्सॲपवर फार फिरतात, "आपल्या आडनावाचा इतिहास जाणून घ्या, बारा पिढ्यांची वंशावळ फक्त नव्वद दिवसांत" वगैरे, म्हणून जे झालं ते सविस्तर लिहितोय, कुणाचे तरी पैसे वाचतील. लांबलंय, चहा घेऊन बसा.

निमित्त बाबांचं सहस्रचंद्रदर्शन. ऐंशी झाली त्यांना. घड्याळ, शाल, मोबाईल सगळं देऊन झालेलं, आणि बाबांना लहानपणापासून एकच खंत की आपल्या घराण्याचा एक कागद आपल्याकडे नाही. गाव सातारा जिल्ह्यातलं, कऱ्हाडच्या बाजूचं. आम्ही कुलकर्णी, ऋग्वेदी देशस्थ, कुलदैवत पालीचा खंडोबा. ४८ साली गांधीहत्येनंतर तिकडच्या गावोगावचे ब्राह्मणांचे वाडे जळले त्यात आमचाही गेला, बाबा तेव्हा तीन वर्षांचे, आजीनं कडेवर घेऊन आधी कऱ्हाड आणि तिथून पुणं गाठलं. वाड्याबरोबर दप्तरही गेलं. त्यामुळे घरात जे होतं ते फक्त तोंडी, श्राद्धाला भटजींना सांगायला लागतात तेवढी तीन पिढ्यांची नावं, गोत्र आणि कुलदैवत. त्याच्या मागे अंधार.

म्हणून मी ही सर्व्हिस घेतली. पॅकेज १८,५०० रुपये. त्यात बारा पिढ्यांची वंशावळ, फ्रेम केलेला कुलवृक्ष, रंगीत पुस्तिका, "मूळ कागदपत्रांचे पुरावे" आणि वर "कुलचिन्ह" फ्री. फॉर्ममध्ये आडनाव, गाव, गोत्र, कुलदैवत, माहीत असलेल्या पिढ्या सगळं विचारलं होतं. मी मन लावून भरलं. त्यातलं आडनाव सोडून त्यांनी बाकी काही वाचलं असेल असं मला आता वाटत नाही.

नव्वद दिवसांचे सात महिने झाले. फोनवर बोलणारी मुलगी फार गोड होती, दर वेळी "सर टीम आर्काइव्हजमध्येच बसली आहे" असं सांगायची, तिच्यावर माझा राग नाही. सातव्या महिन्यात बॉक्स आला.

आता बॉक्समध्ये काय होतं ते ऐका. फ्रेम छान, तीन बाय दोन फुटाची, भिंतीवर शोभेल अशी. कुलचिन्हात दोन सिंह, मध्ये ढाल, ढालीवर तलवार आणि लेखणी क्रॉस केलेली. मराठी घराण्याला असलं चिन्ह कुठून आलं, आमच्याकडे फार तर देव्हाऱ्यात टाक असतात. बायको म्हणाली, "एखाद्या टायरच्या कंपनीचं वाटतंय." पुस्तिका ४२ पानांची, त्यातली पंचवीस पानं म्हणजे सातारची छत्रपतींची गादी, पेशवाई, अजिंक्यताऱ्याचा फोटो, "कुलकर्णी घराण्याचा गौरवशाली वारसा" आणि देशातल्या प्रसिद्ध कुलकर्ण्यांची यादी. त्यांचा आणि आमचा काय संबंध? शेजारच्या बिल्डिंगमध्ये तीन कुलकर्णी आहेत त्यांचाही आमच्याशी नाही.

इथेच मुळात सगळी गडबड आहे. "कुलकर्णी घराणं" अशी गोष्टच नाही हो. कुलकर्णी हे कामाचं नाव आहे. गावाचा कुळवार हिशेब, वसुली, जमिनीच्या नोंदी लिहिणारा तो कुलकर्णी, आणि प्रत्येक गावाला एक (कधी दोन-चार गावांना मिळून एक) असायचाच, त्यामुळे जेवढी गावं जवळपास तेवढी वेगवेगळी कुलकर्णी घराणी, गोत्र वेगळं, कुलदैवत वेगळं, कुणी ऋग्वेदी कुणी यजुर्वेदी, कुणी देशस्थ कुणी कऱ्हाडे. पाटील, देशमुख, देशपांडे, चौगुले, इनामदार सगळ्यांचं तेच. वतन, म्हणजे हे पिढीजात हक्काचं काम, गेलं तरी आडनाव चिकटून राहिलं. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ लाच कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले, आणि आपल्याकडे मुंबई राज्याचा परगणा व कुलकर्णी वतनं रद्द करणारा कायदा १९५० चा. म्हणजे आमच्या आजोबांच्या हयातीपर्यंत हे आडनाव म्हणजे एक नोकरी होती, ती पण वंशपरंपरेची. असल्या आडनावाचं मूळ शोधायचं तर आडनाव सोडून गाव धरायला लागतं. "मौजे अमुक, तर्फ तमुक" हा खरा पत्ता. कंपनीनं आडनाव धरलं आणि गूगल करत सुटले.

बायकोचं बघा. ती माहेरची कोकणस्थ, त्यांच्या घराण्याचा जाडजूड छापील कुलवृत्तांत आहे. एक आडनाव, एक गोत्र, मूळ गाव ठरलेलं, शाखा क्रमांकासकट सगळं जागच्या जागी. तिच्या माहेरी तो ग्रंथ ज्ञानेश्वरीच्या शेजारी ठेवतात. त्यात तिची नोंद एका ओळीची आहे, "कन्या, दिली कुलकर्णी, पुणे". बस. शिकली, नोकरी केली, दोन मुली वाढवल्या, ते सगळं त्या "दिली" मध्ये आलं. हे ती दर गणपतीत ऐकवते. तर सांगायचा मुद्दा, अशी पुस्तकं कोकणस्थांच्या बऱ्याच घराण्यांची निघालीत पण "समस्त कुलकर्णी कुलवृत्तांत" निघूच शकत नाही, आणि जो कुणी तो देतो म्हणतो त्याच्यापासून सावध राहा.

बरं, आता त्यांच्या झाडाकडे येऊ. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, मूळ आडनाव "फाटक", मूळ स्थान कोकण, पेशवाईच्या काळात घाटावर स्थलांतर. बायको अर्धा तास हसत होती. "शेवटी आमच्यातलेच निघालात, उगाच एवढी वर्षं तोऱ्यात होतात." बाबा मात्र गप्प. ते एवढंच म्हणाले, "फाटक कोकणस्थ. आपण घाटावरचे देशस्थ, खंडोबाची तळी भरतो. हे कुठलं?" ऐंशी वर्षांच्या माणसाला जे दोन सेकंदात कळलं ते टीमला सात महिन्यांत कळलं नाही. गोत्र आणि कुलदैवत फॉर्मात कशाला विचारता मग?

दुसरा घोळ जास्त मजेशीर. आमच्यात पूर्वी आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, सगळीकडेच होती, त्यामुळे थोरल्या मुलाच्या ओळीत विष्णू गणेश, त्याचा गणेश विष्णू, त्याचा परत विष्णू गणेश असं चालतं. कंपनीनं दोन विष्णू गणेश एकत्र केले. परिणाम असा की माझे आजोबा झाडात १८५२ साली जन्मले आणि १९८६ साली वारले. १३४ वर्षं. शेवटची चार वर्षं आम्ही त्यांना दवाखान्यात नेत होतो तेव्हा डॉक्टरांना सांगायला हवं होतं. आणि हे जुळवल्यामुळे मधल्या दोन पिढ्या गायब, मग बारा भरायला वरती दोन फाटक चिकटवले.

तिसरी चूक मात्र मला कळायला वेळ लागला, आणि कंपनीला मी जे दोन स्टार देतोय त्यातला पूर्ण एक या तिसऱ्या गोष्टीसाठी आहे. पुस्तिकेच्या शेवटी दोन मोडी कागदांचे फोटो होते, पुण्याच्या पुराभिलेखागारातले, खाली रुमाल नंबर. (रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, पेशवे दफ्तर म्हणतात ते सगळं असल्या हजारो रुमालांत आहे.) हे फोटो खरे होते. आमच्याच गावाचे होते. म्हणजे टीममधला कुणीतरी एक पोरगा खरंच तिथे जाऊन बसला होता, अर्ज भरून, ओळखपत्र दाखवून, त्यानं गावाचं नाव धरून रुमाल काढला होता. त्याला माझा नमस्कार. त्याच्या पुढच्यांनी माती केली.

मी ते फोटो एका मोडी वाचणाऱ्या गृहस्थांकडे नेले. रिटायर्ड माणूस, पानाला तीनशे रुपये. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सरकारनं न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हापासून मोडी जाणणाऱ्यांना अचानक भाव आलाय, आधी आम्हाला कुत्रं विचारत नव्हतं असं ते स्वतःच म्हणाले. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, फोटो मोठा केला आणि पहिल्या मिनिटात म्हणाले, "फाटक कुठाय? हे पाठक आहे."

पाठक!

मोडीचं असं आहे की आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग बोरू न उचलता सलग लिहीत जायचं, शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, वर प्रत्येकाचं वळण वेगळं आणि निम्मे शब्द तोडलेले. नवखा माणूस घाईत वाचायला लागला की ओळखीचं जे आडनाव डोक्यात येईल ते वाचतो. त्यामुळे या मोडीवाल्या काकांची एक सवय मला आवडली, ते एकच नाव कागदात आणखी कुठे आलंय का ते आधी शोधतात, तिथे तसंच वाचता येतं का बघतात, मगच बोलतात. आमच्या कागदात ते तीनदा होतं. तिन्ही ठिकाणी पाठक.

मग तारीख. कागदावर होतं "इसन्ने सबैन मया व अलफ". हे अरबी आकडे, उलटे वाचायचे, दोन, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७२. कंपनीनं हे हिजरी धरून १७५८ साल लिहिलं. पण मराठी कागदात असं अक्षरी साल आलं की ते बहुतेक शुहूर सन असतं, सुरसन म्हणायचे, ते मृगाला बदलतं आणि त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतं (जानेवारीपासून मृगाच्या आधीपर्यंतचे महिने असतील तर ६००). म्हणजे १७७१. तेरा वर्षांचा फरक. तुम्ही म्हणाल अडीचशे वर्षांत तेरा वर्षांचं काय एवढं. अहो, दुसऱ्या कागदावर सरळ शके १६९० होतं, त्यात ७८ मिळवा, १७६८, आणि त्यात बाप वतनदार आहे. कंपनीच्या हिशेबानं मुलगा बापाच्या दहा वर्षं आधी वतनावर बसला. काकांच्या हिशेबानं बाप ६८ ला आहे, ७१ ला मुलगा आलाय. सरळ आहे ना? फसली सन (महसुलाचा) अजून वेगळा, त्याला ५९० नाहीतर ५९१. एकाच दप्तरात तीन-तीन कालगणना असतात आणि यांनी "टीम ऑफ एक्स्पर्ट्स" लिहिलं होतं.

कागदात होतं काय तर "निमे कुळकर्ण", म्हणजे गावच्या कुलकर्णी वतनाचा अर्धा हिस्सा, पाठक नावाच्या माणसाकडे कसा आला त्याची हकीकत. आधीचा वतनदार नि:संतान, कर्ज झालेलं, त्यानं निम्मं वतन लिहून दिलं. वतनं विकली जायची, वाटली जायची, दत्तकात जायची. म्हणजे आम्ही १७६८ च्या आसपास कुलकर्णी "झालो". त्याआधी पाठक. आणि पाठक म्हणजे तरी काय, पाठ म्हणणारा, पोथी वाचणारा. परत पेशाच! एवढा खटाटोप करून आडनावाच्या मागे गेलो तर मागे दुसरी नोकरी. बाबांना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा मोकळे हसले.

पण एका वाचनावर विश्वास ठेवायचा नाही हे एव्हाना शिकलो होतो, म्हणून नाशिक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया अशा ठिकाणी तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. कोण कधी आलं, कुणाच्या अस्थी घेऊन आलं, बरोबर कोण होतं, गाव, गोत्र, सगळं पिढ्यान् पिढ्या लिहिलेलं. रामकुंडावर जाऊन नुसतं आडनाव सांगितलंत तर कुणी ढुंकून बघणार नाही, कारण वाटणी गावावर आणि जातीवर आहे. गाव आणि तालुका सांगितला की एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे, चौथ्या दारात आमचे उपाध्ये मिळाले. बाबांना त्यांनी खुर्ची दिली, मला म्हणाले तुम्ही खाली बसा, तुम्हाला गुडघे आहेत.

वही उघडायला पाऊण तास गेला. लाल कापडाचं बासन, आत लांबट चोपडी, कडा खाल्लेल्या. शके १८११ ची नोंद निघाली, म्हणजे १८८९. विष्णू गणेश, वडील गणेश यांच्या अस्थी घेऊन आले. मौजे, तालुका, गोत्र. आणि पुढे स्वच्छ बाळबोध अक्षरात, "कुळकर्णी, उपनाव पाठक".

त्याच नोंदीत आणखी एक नाव होतं जे सरकारी कागदात कुठेही नव्हतं. गणेशरावांची बायको, म्हणजे माझ्या आजोबांची पणजी. नाव यमुना. वतनाच्या कागदांत बायका कधी दिसतात, तर नवरा मेल्यावर आणि भांडण लागल्यावर. वहीत मात्र असतात, कारण श्राद्धाला माता, पितामही, प्रपितामही पण लागतात. कंपनीच्या झाडात आजीच्या वरती एकही बाई नव्हती, बारा पिढ्या पुरुषांनी पुरुषांना जन्म दिला होता.

उपाध्यायांनी फी सांगितली नाही, बाबांनी आपल्या मनानं दक्षिणा ठेवली. मग त्यांनी वही बाबांपुढे सरकवली, आता तुमची नोंद करा. बाबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, थरथरत्या अक्षरात, आणि खाली मी माझ्या दोन्ही मुलींची नावं घातली. कुणी काही हरकत घेतली नाही.

मधल्या पिढ्या जुळवायला काय लागलं ते पटकन सांगतो. तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधून जुने फेरफार आणि वारस नोंदी (गाव नमुना ६ आणि ६-क) अर्ज करून काढल्या, त्यात आजोबा ते पणजोबा हा दुवा मिळाला. कोतवाल बुकातून एक मृत्यूची तारीख, आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधून जन्मतारीख. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख सरकारनं स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेत, आधी तिथे बघा, तुमचं नशीब असेल तर फेऱ्या वाचतील. फॅमिलीसर्च नावाची साइट फुकट आहे, त्यांच्याकडे हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे फोटो आहेत, पण आमच्यासारख्यांना त्याचा उपयोग शून्य, आमचं घराणं नाशिकच्या पलीकडे गेलेलंच नाही. झाड काढायला ग्रॅम्प्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरलं, देवनागरी नीट चालतं. सगळा खर्च गाडीभाडं धरून नऊ हजाराच्या आत. सात पिढ्या पक्क्या झाल्या आणि त्याच्या वर १७६८-७१ चे ते पाठक बाप-लेक, मध्ये एका ठिकाणी अजून खिंडार आहे. तिथे मी पेन्सिलनं प्रश्नचिन्ह ठेवलंय. इनाम कमिशनच्या (इनामं-वतनं तपासायला इंग्रजांनी नेमलेल्या) वेळी वतनदारांकडून कैफियती घेतल्या होत्या, त्यात लोकांनी आपापली वंशावळ लिहून दिलीय, ते खिंडार तिथे बुजेल अशी आशा आहे.

कंपनीनं एक डीएनए टेस्टचा ॲड-ऑन पण गळ्यात मारायचा प्रयत्न केला, अजून बारा हजार. नको म्हणालो. न्यू जर्सीच्या भावानं मागे तिकडे ट्वेंटीथ्री अँड मी केलं होतं, त्यातून कळलं काय तर तो दक्षिण आशियाई आहे. आरसा फुकट होता की. वर २०२३ मध्ये त्यांच्याकडून एकोणसत्तर लाखांच्या आसपास लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली, भाऊ अकाउंट डिलीट करत बसला. आणि आडनावासाठी तर ते मुळातच बिनकामाचं. बापाकडून मुलाकडे जाणारा वाय क्रोमोसोम एक वेळ सांगेल की दोन पुरुषांची ओळ एक आहे का, पण मध्ये कुठे दत्तक झाला की आडनाव आणि रक्त दोन वाटांना लागतात, आणि वतनदार घराण्यात दत्तक नाही असं घर दाखवा मला.

परत मागितलेल्या पैशांचं असं झालं की मी काकांचं वाचन, वहीचा फोटो आणि आजोबांचा मृत्यूचा दाखला जोडून मेल टाकला. आधी म्हणाले "इतिहासात मतभेद असतात सर". मी म्हटलं मतभेद चालतील, १३४ वर्षांचे आजोबा कसे चालतील? मग सहा हजार आले. फ्रेम ठेवा म्हणाले. ठेवलीय, माळ्यावर.

तर ही अशी सर्व्हिस घ्यायचीच असेल तर पैसे भरायच्या आधी एवढं विचारा की तुम्ही गावाच्या नावानं शोधता की आडनावाच्या, मोडी कोण वाचतं आणि दुसरं कुणी तपासतं का, कागदाचा रुमाल नंबर आणि फोटो देणार का, आणि पिढी सापडली नाही तर जागा रिकामी ठेवणार का. शेवटच्या प्रश्नाला जो "सापडतेच सर" म्हणाला त्याला टाळा. आकडा आधी ठरवून कुणी पूर्वज शोधत नसतं.

हे सगळं झाल्यावर बाबांना गावाला घेऊन गेलो. कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी. बाबा सत्त्याहत्तर वर्षांत तिथे दोनदा गेले असतील, दोन्ही वेळा लग्नाला, जेवून परत. आमच्या वाड्याच्या जागेवर आता सोसायटीचं गोडाऊन आहे. पाटलांचं घर मात्र जागेवर, तिथले आबा बाबांच्याच वयाचे. चहा झाला. वंशावळीचा विषय काढल्यावर आबा म्हणाले, "आमची न्हाई बा कागदावर, आमची हेळव्याकडं." हेळवी म्हणजे वंशावळ सांगणारे, कर्नाटक सीमेकडून बैलावर बसून येतात, घंटा वाजवत, पाटलांच्या पंधरा-वीस पिढ्या घडाघडा म्हणतात, ज्वारी आणि पैसे घेऊन पुढच्या गावाला. आता बैलाऐवजी कधी कधी एसटीनं येतात म्हणे. मी म्हटलं मग तुमच्याकडे जुना कागद एकही नाही? तर म्हणाले, हाय की, एक ट्रंक हाय, पर वाचाय कुणाला येतंय.

ट्रंकेत पाटलांच्या जमिनीची खतं, म्हणजे दस्त, होती, अकरा-बारा. मी दोन महिने मोडीच्या वर्गाला जात होतो (पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात होतात वर्ग, जरूर जा), अजून अडखळतच वाचतो, पण शेवटची ओळ वाचायला जमते कारण ती ठरलेली असते. पाटलाच्या सहीच्या जागी निशाणी नांगर, चित्र काढलेलं, छोटंसं. आणि त्याच्या खाली, "बिकलम विष्णू गणेश कुळकर्णी मौजे मजकूर".

बिकलम म्हणजे याच्या लेखणीनं, मौजे मजकूर म्हणजे याच गावचा. मग दुसरं खत काढलं, तिसरं. कुठे गणेश विष्णू, कुठे विष्णू गणेश, एका ठिकाणी फक्त "दस्तुर कुळकर्णी" (दस्तुर म्हणजे हस्ताक्षर). आम्ही कुलकर्ण्यांची दप्तरं जळली जळली म्हणून रडत होतो आणि आमचे पूर्वज सबंध गावाच्या ट्रंकांमध्ये बसले होते, कारण गावातला प्रत्येक कागद लिहिला होता त्यांनीच. नाव पाटलांचं, जमीन पाटलांची, अक्षर आमचं. हे ना कंपनीला सुचलं ना मला.

बाबांना मोडी येत नाही. त्यांनी तो कागद मांडीवर घेतला आणि ओळीवरून बोट फिरवत बसले. आबा म्हणाले, "वळण बघा की, तुमच्या अण्णांचं अक्षर असंच व्हतं, आमच्या म्हाताऱ्याकडं त्येंची पत्रं यायची पुण्यास्नं." अण्णा म्हणजे माझे आजोबा. १९८६ ला गेलेले, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. ती पत्रं पण त्याच ट्रंकेत होती, तळाशी, पोस्टकार्डं. ४८ नंतरची.

आबांनी झेरॉक्सला तालुक्याला पाठवायची तयारी दाखवली, मी मोबाईलवर फोटो काढले. निघताना बाबांनी त्यांना विचारलं, पुढच्या वेळी हेळवी आले की आम्हाला फोन कराल का. आबा म्हणाले करतो, पर त्ये पाटलांची सांगत्यात. बाबा म्हणाले, असू दे, ऐकायचीय.